सांगलीत झालेलं ‘ते’ नाटक: धंदा सोडणाऱ्या बाईच्या वाट्याला एवढा अंधार का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये धंदा सोडू पाहणाऱ्या बाईवरचा एक दीर्घांक झाला. पुढे सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्यंतर नाही. प्रयोगानंतर चर्चा ठेवली होती. हॉलवाल्याने दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा कुठे लोक उठले. काही जण म्हणत होते की कित्येक वर्षांत इतकं खरं काही रंगमंचावर आलं नाही, काही जण म्हणत होते की हा प्रेक्षकावर अत्याचार आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून तेच चाललंय. तिथे मुद्दे वाहून जातात म्हणून इथे धागा काढतेय.

नाटकाचं आणि संस्थेचं नाव देत नाही. ज्या बाईंच्या बोलण्यावरून संहिता उभी राहिली त्या याच भागात राहतात. नाव फिरवू नका, अशी मंडळींनी प्रयोगाआधी हात जोडून विनंती केली होती. प्रतिसादातही कृपया घेऊ नका.

कथा थोडक्यात. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना आधी पाहायचंय त्यांनी पुढे वाचू नये.

बाई बेचाळीसची. सीमेपलीकडच्या गावातून कोवळ्या वयात आलेली, सगळं आयुष्य गल्लीत गेलेलं. मुलगी दहावी पास होते आणि अकरावीच्या फॉर्मवर पालकाचा व्यवसाय लिहायची वेळ येते. त्या रात्री बाई ठरवते. घरवालीचा, म्हणजे कोठा चालवणारीचा, हिशेब मिटवते, उपनगरात खोली घेते, हळदीच्या गोदामात निवडणीला लागते. हंगाम संपतो, काम संपतं. मग मेसमध्ये भांडी. तिथे जेवायला येणारा एक जण तिला ओळखतो. तो चारचौघांत काही बोलत नाही, फक्त रात्री खोलीचं दार वाजवायला लागतो. घरमालकीण खोली रिकामी करायला सांगते. भिशी गल्लीतच राहिलेली, म्हणून सावकार. मुलगी मैत्रिणीकडे राहायला जाते आणि हळूहळू फोन उचलेनाशी होते. शेवटी बाई घरवालीच्या दारात परत येते. घरवाली आत घेते, चहा देते आणि सांगते की तुझी खोली दिली दुसरीला, आणि या वयाची बाई मी आता बसवू कुठं? एवढ्यावर नाटक संपतं. टाळ्या वाजवायच्या की नाही हेच लोकांना कळेना.

माझं मत: हा शेवट असाच हवा होता.

‘निराशावादी’ म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, तिच्या वाटेतली कुठली अडचण लेखकाने ओढूनताणून आणली आहे? मारझोड करणारा दलाल यात नाही, मुलीवर डोळा ठेवणारा सावत्र बापही नाही. हंगाम सरला की निवडणीचं काम जातं, हे सांगलीच्या माणसाला कुणी नव्याने सांगायला हवं का? संजय गांधी निराधार योजनेत वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या स्त्रीचा समावेश आहे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो आणि राज्यात किमान १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. गल्लीतल्या खोलीचा भाडेकरार आजवर कुणी केलाय? नाटकात हा प्रसंग आहे. ती सेतू केंद्राच्या खिडकीपाशी उभी आहे. पलीकडचा आवाज अजिबात उद्धट नाही, तो तिला पुन्हा पुन्हा नीट समजावून सांगतो, आणि दर वेळी अडतं त्याच कागदाशी. सगळ्या नाटकात मला त्या सभ्य आवाजाचीच जास्त भीती वाटली.

आणि तो हळदीचा प्रसंग. संवाद एकही नाही. समोर खरं पोतं ओतलेलं, हॉलभर वास. ती बसून निवडते आहे, हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे, माती आणि काडीकचरा मधे. बघताबघता तिची बोटं, नखं, कपाळ पुसल्यामुळे कपाळाची एक बाजू पिवळी होत जाते. पुढच्या प्रसंगात ती भाकरी थापते आणि पिठाला तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटतात. मुलगी ती भाकरी बाजूला सारते. एवढंच. माझ्या शेजारच्या काकूंनी त्या क्षणी पदर तोंडाला लावला. असा प्रसंग लिहिणाऱ्याला ‘प्रेक्षकांना छळतो’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नाटक कमी पडतं ते ‘मालका’च्या पात्रात. पंधरा-पंधरा वर्षं एकाच बाईकडे येणारा, सणाला साडी आणणारा, पोरांची फी भरणारा आणि तरी स्वतःचं घर वेगळं ठेवणारा हा माणूस गल्लीत घरोघरी आहे. इथे तो दोन प्रसंगांत येऊन जातो आणि नुसता पळपुटा वाटतो. तिथे लेखकाची ओढ कमी पडली.

तुम्हाला काय वाटलं? ज्यांनी पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

शेवटची रांग

ताई, तुम्ही छान लिहिलंय, पण मी दुसऱ्या बाजूचा.

मी बहिणीला घेऊन आलो होतो. ती जिल्हा रुग्णालयात नोकरीला आहे, रोज दुःख बघते. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, ‘दादा, यात मला करण्यासारखं काय ठेवलंय?’ माझा आक्षेप नेमका हाच आहे. अंधार दाखवायला माझी ना नाही. पण दीड तासात एकही माणूस तिच्याशी धड वागत नाही, हे मला पटत नाही. मेसवाली एकदा तरी जास्तीची भाकरी बांधून देईल की नाही? गोदामातल्या बायका एकमेकींना काम सांगतात, हंगाम संपला तर कुपवाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला चला म्हणतात. हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय. लेखकाने तेवढ्या फटी बुजवल्या आणि मग म्हणतो, बघा, हवा नाही.

लोक घरी जाताना असंच म्हणत गेले की या बायकांचं काही होऊ शकत नाही. नाटकाने हे करायचं का?

हळदपेठ

निवडणीचा प्रसंग बरोबर आहे. आमच्याकडे जानेवारीत नवीन माल यायला लागतो, उन्हाळ्यात काम ऐन भरात असतं, नंतर बायका निम्म्यावर येतात. पोतं शिवायचा दाभणसुद्धा खरा होता. फक्त एक, पिवळेपणा असा एका दिवसात एवढा चढत नाही, तो साचत जातो. पण रंगमंचावर तेवढं चालायचं.

मिरज जंक्शन

नाटक प्रामाणिक आहे आणि नटीने जीव ओतलाय, यात वाद नाही. पण हे नाटक सांगलीत घडतं म्हणता, गोदाम सांगलीचं, बोली सांगलीची, आणि सांगलीतली सगळ्यात मोठी गोष्टच त्यात नाही.

नव्वदच्या दशकात एचआयव्हीच्या बाबतीत सांगली हा राज्यातल्या गंभीर जिल्ह्यांपैकी होता. १९९२ मध्ये ‘संग्राम’ या संस्थेचं काम इथे सुरू झालं. निरोध वाटायला बाहेरची माणसं आणण्याऐवजी गल्लीतल्या बायकाच पुढे झाल्या, कारण गिऱ्हाइकाला कसं पटवायचं हे त्यांनाच ठाऊक. १९९६ मध्ये त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, बायकांची स्वतःची संघटना. पोलीस चौकीत जाऊन भांडणं, सिव्हिलमध्ये हेटाळणी झाली तर जाब विचारणं, मेलेल्या मैत्रिणीला खांदा देणं, हे सगळं त्यांनी केलं. पोरांसाठी निपाणीला वसतिगृह काढलं. २००५ मध्ये गोकुळनगरात, म्हणजे इथल्या गल्लीत, धाड पडली तेव्हा ‘आम्हाला सोडवायला येणाऱ्यांपासून सोडवा’ असं म्हणायची हिंमत त्यांच्यात होती. इतकंच काय, या बायकांनी स्वतःच्या आयुष्यावर स्वतः नाटक बसवून ठिकठिकाणी केलंय.

हे सगळं वगळून एक एकटी बाई दाखवायची आणि ती एकटी आहे म्हणून रडायचं, ही सोय आहे. दुबळी बाई बघायला आपल्याला बरं वाटतं. हक्क मागणारी बाई समोर आली की आपण खुर्चीत चुळबुळतो. माझा राग शेवटावर नाही, तिच्या भोवतालच्या बायका पुसून टाकण्यावर आहे.

शेवटची रांग

जंक्शन, शंभर टक्के सहमत. मला म्हणायचं होतं ते तुम्ही नीट मांडलंत.

समुपदेशक

मी या क्षेत्रात काम करते, कुठे ते लिहिणार नाही.

मिरज जंक्शन, संघटनेबद्दल मला आदर आहे. पण संघटनेचा उल्लेख आला की सगळ्या बायका स्वखुशीने तिथे आहेत असं चित्र आपोआप तयार होतं, ते मला मान्य नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलींमध्ये लग्नाच्या, कामाच्या आमिषाने आणलेल्या होत्या, सख्ख्या मावशीने विकलेल्या होत्या. देवाला मुली सोडणं कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंद झालं, आपल्याकडेही २००५ चा कायदा आहे, पण चोरून सोडलेल्या मुली त्यानंतरही गल्लीत आल्या. अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत संमती हा शब्दच कायदा मानत नाही. नाटकातली बाई ‘कोवळ्या वयात आलेली’ आहे, हे एका वाक्यात उरकलंय. ते वय सोळा असेल तर तो गुन्हा होता आणि त्याचा गुन्हेगार नाटकात कुठेच नाही. कृष्णाकाठ ताई म्हणतात की यात खलनायक नाही आणि तेच मोठेपण आहे. मला तीच उणीव वाटते. कुणीतरी तिला तिथे नेऊन बसवलं होतं. त्या माणसाला सोडून सेतू केंद्राच्या खिडकीवर राग काढायचा, हे पुरं नाही.

बाकी शेवट खरा आहे. बाहेर पडलेल्या बाईची पहिली दोन वर्षं सांभाळणारी यंत्रणा आपल्याकडे फार तोकडी आहे. महिलागृहात ठेवायचं, शिवणकाम शिकवायचं आणि मुदत संपली की सोडायचं. शिलाई मशीनवर किती बायकांचं घर चालतं, हे कुणीतरी मोजायला हवं.

प्रतिसादक ७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

वकिलीण

कायद्याबद्दल बरीच गल्लत होतेय म्हणून थोडं.

१९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा प्रौढ बाईने स्वतः धंदा करणं हा गुन्हा ठरवत नाही. कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जागा देणं, बाई आणणं, तिच्या कमाईवर जगणं, देऊळ, शाळा, दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं, हे गुन्हे आहेत. परिणाम काय होतो बघा. जागा देणाऱ्यावर कलम ३ आहे, म्हणून नाटकातली घरमालकीण रात्री दार वाजलं की घाबरते. ती दुष्ट नाही, तिला आपलं घर वाचवायचंय. कलम ४ मध्ये अठरा वर्षांवरचा कुणीही तिच्या कमाईवर जगत असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यात म्हातारी आईही येऊ शकते आणि कॉलेजात शिकणारा मुलगाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना सोडलं आणि सांगितलं की त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना डांबता येणार नाही. बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशी आहेत, त्यातल्या काहींचं पालन करायचे निर्देशही आहेत: धाडीत सज्ञान, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीला अटक नको, दंड नको, छळ नको, आई या व्यवसायात आहे एवढ्यावरून मूल तिच्यापासून तोडायचं नाही, प्रसारमाध्यमांनी ओळख उघड करायची नाही. हे प्रकरण मुळात कोलकात्यात १९९९ मध्ये झालेल्या एका बाईच्या खुनाचं. २०११ मध्ये आरोपीचं अपील फेटाळल्यावर न्यायालयाने विषय तिथेच मिटवला नाही. या स्त्रियांच्या जगण्याचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि समिती नेमली. समितीपुढे तीन कामं होती: मानवी व्यापार रोखणं, ज्यांना बाहेर पडायचंय त्यांचं पुनर्वसन, आणि ज्यांना राहायचंय त्यांना सन्मानाने जगता येणं. म्हणजे समुपदेशक ताई आणि मिरज जंक्शन या दोघांचेही मुद्दे त्याच एका आदेशाखाली येतात. इथे त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करायची गरज नाही.

कागदाबद्दल: त्याच आदेशानुसार राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या (नॅको) राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर राहण्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळू शकतं, आणि त्यावर व्यवसायाची कुठलीही खूण असायची नाही. निदान आधारपुरती तरी नाटकातल्या बाईला वाट आहे. तिला ती कुणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

कृष्णाकाठ

वकिलीण ताई, मनापासून आभार. घरमालकिणीबद्दलचं वाचून तो प्रसंग मला पुन्हा नीट दिसला.

मिरज जंक्शन, तुमचा मुद्दा वजनदार आहे, तरी मी माझ्या जागेवर आहे. संघटना आहे म्हणून एकटी बाई नाही, असं होत नाही. ती उपनगरात राहायला जाते ती ओळख पुसायला. गल्लीतल्या मैत्रिणी तिला भेटायला आल्या तर ओळख परत येते. एका प्रसंगात जुनी मैत्रीण बसस्टॉपवर दिसते आणि ती मान वळवते. नाटकाला माणसं पुसायची नव्हती. बाहेर पडायची किंमत म्हणून तिला स्वतःला ती पुसावी लागतात. मला त्यात लेखकाची सोय दिसत नाही.

निवृत्त मास्तर

मी वयाने मोठा, म्हणून थोडं मागचं सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. त्याच मातीतले हरिपूरचे नाटककार देवल. त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणलं. त्यातली वसंतसेना गणिका, शेवटी राजाच्या आज्ञेने तिला वधूपद मिळतं. ‘संशयकल्लोळ’मधली रेवती नायकिणीच्या घरातली, तिचंही लग्न लागतं. म्हणजे आमच्या रंगभूमीवर शंभर वर्षांहून अधिक काळ या बाईला बाहेर काढायची एकच वाट माहीत होती, आणि ती म्हणजे चांगला नवरा. पदं सुरेख, शेवट गोड, प्रेक्षक तृप्त.

या नाटकात नवरा येत नाही. माझ्या पिढीला बोचलं ते हेच असावं. मला ते योग्य वाटलं. तरीही शेवटची रांग यांचं एक म्हणणं मी मानतो. करुण नाटकालाही एक लय लागते, श्वास घ्यायला जागा लागते. इथे दुसऱ्या अर्ध्यात प्रसंगामागून प्रसंग त्याच पट्टीत येतात. सावकाराचा प्रसंग काढला तरी काही बिघडत नाही. मेसनंतर प्रेक्षकाला कळलेलं असतं.

शेवटची रांग

सर, नेमकं बोललात. तृप्त करा असं मीही म्हणत नाही.

गल्लीतली लेक

बरेच दिवस नुसती वाचते इथे. लिहावं की नको असं चाललं होतं.

माझी आई धंद्यात होती. मी आणि धाकटा भाऊ त्याच पैशावर शिकलो. मी आता नोकरी करते, दुसऱ्या गावात. हे नाटक मी आईला घेऊन पाहिलं. आम्ही मागे खुर्च्यांवर होतो.

आई कुठेच रडली नाही. हळदीच्या प्रसंगात तिने मला विचारलं, ‘ही रोजावर हाय का किलोवर?’ नाटक संपेपर्यंत तिच्या डोक्यात हिशेबच चालला होता. घरी आल्यावर म्हणाली, ‘बाई चांगली केली त्या पोरीनं. पर तिला सोडायची एवढी घाई का झाली? आधी दोन वर्सं भिशी उचलायची, गावाकडं पत्रा टाकून घ्यायचा, मग जायचं. आमी काय खुळ्या हाय का?’

मला वाटतं नाटकात हेच नाही. बाई दुःखी आहे, सोसते आहे, पण शहाणी नाही. माझी आई लिहायला शिकली नाही, तरी कुणाकडे किती राहिलेत, कुठल्या महिन्यात गिऱ्हाईक कमी, भावाच्या फीला कुठली भिशी लावायची, सगळं तोंडपाठ. पंचवीस वर्षं गल्लीत काढलेली बाई अशी एका रात्रीत फॉर्मवरची एक ओळ बघून उठून जात नाही. माझ्या फॉर्मवर आईने ‘घरकाम’ लिहायला लावलं होतं आणि विषय संपवला होता.

आणि तिने सोडलं कसं ते सांगते. सोडलं असं काही झालंच नाही. लॉकडाऊनमध्ये गल्ली बंद झाली. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० ला सरकारने महिन्याला ५,००० दिले, भाऊ शाळेत होता म्हणून २,५०० वेगळे, त्यावर दिवस काढले. गल्ली उघडली तेव्हा आईचं वय दिसायला लागलं होतं. ती म्हणते, ‘गिऱ्हाईक येईनासं झालं की सुटतंच की. त्याचं काय नाटक करायचं?’ तिच्या बरोबरीच्या बहुतेकींचं असंच झालं. कुणी चहाची गाडी लावली, कुणी पोरांच्या डब्याचं काम धरलं, कुणी तिथेच नव्या पोरींचा स्वयंपाक करते. ती घरवाली म्हणते ना, या वयाची बाई बसवू कुठं, ते वाक्य आईने मान हलवून ऐकलं. तेवढं खरं आहे म्हणाली.

वकिलीण ताईंनी कलम ४ लिहिलंय. अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षं कॉलेजची फी आईने भरली. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने मी गुन्हेगार. कुणी तक्रार केली नाही एवढंच. हे माझ्या कुठल्याही मैत्रिणीला माहीत नाही.

समुपदेशक ताई, आईला कुणी आणलं ते आईला माहीत आहे. तो माणूस मेला. ती त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही आणि मी विचारत नाही. नाटकाने ते एका वाक्यात उरकलं ते मला बरं वाटलं. आमच्या घरीही ते तेवढंच असतं.

समुपदेशक

तू लिहिलंस, खूप बरं केलंस. तुझ्या घरी ते एक वाक्य आहे हे मला समजतं, आणि तुझ्या आईवर बोलायची सक्ती कुणी करू नये. पण नाटक लाखभर लोकांनी पाहावं अशी माझी इच्छा आहे, आणि त्यातल्या एखाद्याच्या शेजारी आज एक पंधरा वर्षांची मुलगी आणून ठेवलेली असेल. त्याच्यासाठी ते वाक्य मोठं व्हायला हवं. यावर मी मत बदलणार नाही.

मिरज जंक्शन

लेकी, ‘आमी काय खुळ्या हाय का’ हे तुझ्या आईचं बोलणं त्या मंडळींपर्यंत पोचायला हवं. मी एवढं लांबलचक लिहिलं, त्यातलं निम्मं या एका वाक्यात आलं. या नाटकात अक्कल फक्त लेखकाला आहे. बाईला नुसतं सोसणं दिलंय.

कृष्णाकाठ

गल्लीतली लेक, तुझा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. घाईचा मुद्दा एकदम रास्त आहे. तो एका रात्रीचा निर्णय नाटकाच्या सोयीसाठी आहे, आणि तिने दोन वर्षं पैसे साठवले असते तर पुढचं सगळं आणखी काळीज चिरणारं झालं असतं, कारण मग हिशेब करूनही तो चुकला असता. अंधार कमी करू नये असं मी अजूनही म्हणते. तो अंधार हिशेबी बाईवर आला पाहिजे.

आता एक विचारायचंय. चर्चेत कुणीतरी म्हणालं होतं की गोकुळनगरातल्या बायकांना का बोलावलं नाही. मंडळींशी मी फोनवर बोलले. ते म्हणाले, निरोप दिला होता पण कुणी आलं नाही. पुढचा प्रयोग सांगलीतच करायची त्यांची तयारी आहे.

गल्लीतली लेक

ताई, प्रयोग संध्याकाळी सातला होता. ती धंद्याची वेळ. कोण येणार? आई आता मोकळी आहे म्हणून आली.

हळदपेठ

दुपारी एकला ठेवा. आमच्या बाजूला गोदाम आहे, हंगाम संपला की रिकामंच. मालक ओळखीचे आहेत, पंखे आहेत, शंभर माणूस आरामात बसतं.

वकिलीण

दुपारी ठेवणार असाल तर फोटो आणि व्हिडिओ बंद. दारातच सांगा, मोबाईल पिशवीत. पत्रकारांना बोलवायचं असेल तर वेगळा प्रयोग करा.

गल्लीतली लेक

मी आईला विचारलं. ती आणखी चौघींना आणते म्हणाली, दोन अटींवर. कुणी ‘तुम्ही कशा आलात या धंद्यात’ असं विचारायचं नाही. आणि नंतर चर्चा ठेवणार असाल तर माईक आधी त्यांच्याकडे द्यायचा, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांकडे नंतर. तिला त्या नटीला निवडणीचा दर विचारायचाय.

निवृत्त मास्तर

दोन्ही अटी योग्य आहेत. मंडळींना माझ्याकडूनही सांगा.

शेवटची रांग

पंखे, चहा आणि रिक्षांचा खर्च माझ्याकडे लावा. बहिणीलाही घेऊन येतो, तिची दुपारी सुट्टी असते. शेवटाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे, आणि ते त्या दिवशीही बोलेन, माईक माझ्यापर्यंत आला तर.